विद्यार्थ्यांचा अंक: संगणक उघडण्याआधी आणि नंतर

माध्यमांच्या अभ्यासक्रमात 'स्वतःचं मासिक तयार करा' असा प्रकल्प मिळाला की बहुतेक गट पहिल्याच दिवशी दोन गोष्टी ठरवून मोकळे होतात: मासिकाचं नाव आणि मुखपृष्ठाचा फॉन्ट. वाचक कोण, पानं किती, आत काय, हे सगळं 'बघू नंतर'मध्ये जातं. मी विद्यार्थी असताना आमच्या अंकाचं संपादन केलं, पुढे धाकट्या तुकड्यांच्या अंकांत लुडबूड करत राहिलो. त्यातून एक मत पक्कं झालंय. अंक चांगला होणार की नाही, हे साध्या कागदावर पेन्सिलीने ठरतं आणि सॉफ्टवेअर उघडेपर्यंत ते बरंचसं ठरून गेलेलं असतं.

सुरुवात वाचकापासून. 'आमचा वाचक म्हणजे १८ ते २५ वयोगटातले तरुण' हे वाक्य अहवालात छान दिसतं, पण त्यावरून एकही निर्णय घेता येत नाही. त्याऐवजी 'पहिल्यांदाच घर सोडून राहणारा, महिन्याचा खर्च स्वतः सांभाळायला शिकणारा विद्यार्थी' असं लिहा. लगेच कळतं की लेखाची भाषा कशी हवी, कुठला विषय पहिल्या पानांत यावा, जाहिराती कशाच्या असतील. हो, जाहिरातीही. बहुतेक अभ्यासक्रमांत त्या काल्पनिक असतात, पण 'या वाचकासाठी कोण पैसे मोजेल?' हा प्रश्न वाचकाची व्याख्या तपासायला फार उपयोगी पडतो. उत्तर सुचत नसेल तर वाचक अजून धूसर आहे.

मग आपल्या प्रकारची दोन-तीन छापील मासिकं घेऊन बसा, आणि पट्टी घेऊन बसा. समास किती, स्तंभ किती रुंद, मुखपृष्ठावर किती मथळे, जाहिरातींची पानं किती, मोठा लेख कितव्या पानावर सुरू होतो, हे मोजून लिहून काढा. 'मांडणी आकर्षक आहे' या निरीक्षणाचा काडीचा उपयोग नाही. 'मजकुराला तीन स्तंभ, मुलाखतीला दोन, आणि प्रत्येक जोडपानावर (समोरासमोरच्या दोन पानांवर मिळून) एकच मोठं चित्र' हे निरीक्षण थेट वापरता येतं.

आता पानांचा आराखडा. इथे वेळ खर्च करा. मधोमध पिना मारून शिवलेल्या अंकाची पानं चारच्या पटीतच असतात, कारण एका कागदाची घडी घातली की चार पानं होतात. १८ पानांचा अंक म्हणजे दोन कोरी पानं किंवा घाईने भरलेली दोन पानं. चार कागद एकात एक घालून दुमडा, १ ते १६ आकडे टाका आणि उलगडून बघा. १ आणि १६ शेजारी येतात, त्यांच्या पाठीमागे २ आणि १५. एका बाजूला शेजारी येणाऱ्या पानांची बेरीज कायम १७. सलग एकाच कागदावर असलेलं जोडपान एकच: ८ आणि ९. बाकी सगळी समोरासमोरची पानं वेगवेगळ्या कागदांवर छापली जातात, त्यामुळे ४-५ वर पसरलेलं छायाचित्र मिलिमीटरभर जरी सरकलं तरी दिसतं. घडीवर माणसाचा चेहरा कधीच आणू नका. गोंदाने बांधलेल्या जाड अंकात तर आतला समास पानाच्या खोबणीत नाहीसा होतो, म्हणून तो आधीच सढळ ठेवावा लागतो.

दुमडलेल्या कागदांच्या याच डमीवर, म्हणजे नमुना अंकावर, अंकाची लय ठरते. सलग सहा पानं नुसता मजकूर आला की वाचक दमतो आणि सलग सहा पानं चित्रं आली की तो पानं उलटत सुटतो. लांब मुलाखतीनंतर एक चित्रपान, मग छोट्या नोंदींचं पान, असे चढउतार पेन्सिलीने खोडून-लिहून आखता येतात. स्क्रीनवर एकेक पान सुंदर करत बसलेल्या माणसाला ते दिसतच नाहीत.

मुखपृष्ठाबद्दल एकच सांगतो, बाकी सगळे सांगतातच. छायाचित्रकाराला फोटो काढण्याआधी मुखपृष्ठाचं कच्चं चित्र द्या. नाव वर येणार, मथळे डावीकडे येणार, तर उभी चौकट हवी, डोक्यावर मोकळी जागा हवी आणि डावीकडची पार्श्वभूमी शांत हवी. हे न सांगता आलेल्या उत्तम फोटोवर अक्षरं ठेवायला जागाच नसते, मग अक्षरांमागे पांढऱ्या पट्ट्या येतात आणि पान गचाळ होतं. आणखी एक मोह बारकोडचा. नेटवरून उचललेला बारकोड बहुधा कुठल्या तरी खऱ्या वस्तूचा असतो. नियतकालिकांचा तेरा आकडी बारकोड ९७७ ने सुरू होतो आणि त्यात आठ आकडी आयएसएसएनचे (नियतकालिकाला मिळणाऱ्या आंतरराष्ट्रीय क्रमांकाचे) पहिले सात आकडे गुंफलेले असतात. तुमच्याकडे तो क्रमांक नसणारच. मग जागा दाखवायला रिकामी चौकट ठेवा, परीक्षकाला ती जास्त प्रामाणिक वाटते.

चित्रांचं गणित तांत्रिक वाटतं, पण सोपं आहे. छपाईसाठी एका इंचात ३०० पिक्सेल धरतात. म्हणजे ए-४ आकाराचं पूर्ण पान भरायला साधारण २४८० बाय ३५०८ पिक्सेलचा फोटो लागतो आणि १२०० पिक्सेल रुंदीचा फोटो जेमतेम दहा सेंटिमीटरपर्यंत नीट छापला जातो. कडेपर्यंत जाणारं चित्र प्रत्येक बाजूने ३ मिलिमीटर बाहेर काढा, नाहीतर कापणीत पांढरी रेघ उरते. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो आणि बारकावे जातात, म्हणून तो डॉक्युमेंट म्हणून मागवा. स्क्रीनवर झळाळणारा निळा किंवा पोपटी रंग छपाईच्या चार शाईंत फिका पडतो, तेव्हा त्यावर अंकाची ओळख उभी करू नका. मजकुराचा काळा रंग फक्त काळ्या शाईचा ठेवा. चार शाईंनी बनलेला काळा किंचित जरी हलला तरी बारीक अक्षरं अंधूक होतात.

हक्कांकडे सगळे काणाडोळा करतात, 'कॉलेजपुरतं तर आहे' म्हणून. शक्य तितके फोटो स्वतः काढा, कारण बहुतेक ठिकाणी गुणही त्यालाच असतात. ज्यांचे फोटो काढाल त्यांची लेखी संमती घ्या. क्रिएटिव्ह कॉमन्सचं, म्हणजे काही अटींवर इतरांना वापरू दिलेलं, चित्र घेतलं तर परवाना वाचा: 'बाय' असेल तर श्रेय द्यावंच लागतं, 'एनडी' असेल तर फेरफार करून वापरता येत नाही.

मराठी अंक करणाऱ्यांची वेगळी डोकेदुखी अक्षरांची. इंग्रजी मांडणीचे तयार साचे घेऊन त्यात देवनागरी ओतली की वेलांट्या आणि उकार एकमेकांवर चढतात, कारण दोन ओळींमधलं अंतर रोमन लिपीसाठी बेतलेलं असतं. माझ्या डोळ्याला अक्षराच्या आकाराच्या दीडपटीच्या आसपास अंतर बरं वाटतं. अरुंद स्तंभात दोन्ही कडा सरळ करण्याचा हट्ट सोडा. मराठी शब्द लांब, ते नीट तोडण्याची सोय तोकडी, मग ओळीत भगदाडं पडतात. डावी कडा सरळ आणि उजवी मोकळी ठेवली तर पान जास्त शांत दिसतं. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदासाठी 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारा पर्याय) निवडलेला आहे का ते बघा, नाहीतर ऱ्हस्व वेलांटी भलतीकडे जाते आणि जोडाक्षरं फुटतात. फुकट पर्याय म्हणून स्क्रायबस घेणार असाल तर नवी आवृत्ती घ्या, १.५.३ च्या आधीच्या आवृत्त्यांत देवनागरी धड बसत नव्हती. आणि लेखकांना पहिल्याच दिवशी सांगा: मजकूर युनिकोडमध्येच द्या. जुन्या फॉन्टमधून रूपांतर केलेल्या मजकुरात रफार आणि जोडाक्षरं अशा ठिकाणी घसरतात की तिसऱ्या वाचनातही सुटतात.

गटातली माणसं हा खरं तर स्वतंत्र विषय आहे. दोन नियम पुरतात. अंतिम शब्द एकाचाच. आणि मजकूर गोठवण्याची तारीख मांडणी सुरू होण्याच्या आधीची. लेखातला एक परिच्छेद वाढला की मांडणी करणाऱ्याची चार पानं हलतात, हे लिहिणाऱ्याला कधीच कळत नाही. (आणि फाइलच्या नावात 'फायनल' हा शब्द वापरू नका. तारीख घाला.)

मुद्रितशोधन छापील प्रतीवर करा आणि अंकात काम न केलेल्या माणसाकडून करून घ्या. चुका लेखात कमी आणि ठळक जागी जास्त असतात: मथळे, फोटोओळी, माणसांची नावं, आणि अनुक्रमणिकेतले पान क्रमांक. शेवटच्या क्षणी पानं हलतात, अनुक्रमणिका तशीच राहते. नुसते मथळे एकदा सलग वाचा, मग नुसत्या फोटोओळी.

राहिला अंकासोबत द्यायचा आत्मपरीक्षणाचा लेख, जो बहुतेक जण अंक जमा केल्यावर एका रात्रीत लिहितात. तो अंक चालू असतानाच लिहायचा असतो. एक वही ठेवा. निर्णय बदलला की तारीख, आधी काय होतं, आता काय आहे, का बदललं, एवढं टिपा, आणि टाकून दिलेल्या मांडणीचे स्क्रीनशॉट जपा. 'आम्ही लाल रंग वापरला कारण तो लक्ष वेधतो' हे वाक्य कुठल्याही अंकाला चिकटवता येतं, म्हणून त्याला गुणही कुठल्याही अंकाइतकेच. 'पहिल्या मुखपृष्ठावर वाचकांना हे आरोग्याचं मासिक वाटलं, म्हणून मॉडेलच्या हातातली पाण्याची बाटली काढली' हे फक्त तुमच्याच अंकाबद्दल लिहिता येतं.

त्यासाठी अर्थात मुखपृष्ठ कुणाला तरी दाखवावं लागतं. आवडलं का, असं विचारू नका, मित्र हो म्हणतात. 'हे कुणासाठी आहे? आत काय असेल?' एवढंच विचारा आणि उत्तर जसंच्या तसं लिहून घ्या. माध्यम-अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये मांडलेला विचार इथे उपयोगी पडतो: निर्मात्याने भरलेला अर्थ वाचक तसाच घेईल, थोडा वळवून घेईल किंवा साफ नाकारेल. सिद्धांताचा परिच्छेद वेगळा जोडण्यापेक्षा तुम्ही लिहून घेतलेली उत्तरं या तीन गठ्ठ्यांत लावा. तिसऱ्या गठ्ठ्यात कुणीच नसेल तर तुम्ही बहुधा आपल्याच वर्गाला विचारलंय. आणखी चार जणांना, शक्यतो तुमच्या वाचकाच्या वयाबाहेरच्या, दाखवून या.