जिल्हा परिषद शाळेत पाच संगणकांचा कक्ष उभारताना

इंजिनिअरिंग, पॉलिटेक्निक किंवा बीसीएस करणाऱ्या दहा-बारा जणांना एका शैक्षणिक वर्षात झेपेल असं हे काम आहे. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींमधल्या कंपन्यांनी आणि शहरातल्या कार्यालयांनी बाजूला काढलेले डेस्कटॉप दुरुस्त करायचे आणि पेठ, सुरगाणा किंवा त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या एका शाळेत पाच मशीनचा कक्ष चालू करायचा. वीस मशीन मिळाली तरी पाचच लावा. दोन शिक्षकांच्या शाळेला वीस मशीनची वायरिंग, वीजबिल आणि देखभाल पेलत नाही. मग उद्घाटनाच्या फोटोनंतर खोलीला कुलूप लागतं.

आधी शाळा, मग मशीन

कॉलेजमध्ये राष्ट्रीय सेवा योजनेचं युनिट असेल तर कार्यक्रम अधिकाऱ्यांमार्फतच जा. स्वयंसेवकाला दोन वर्षांत 240 तास भरायचेच असतात आणि कॉलेजच्या पत्रामुळे मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख यांच्याशी बोलणं सोपं होतं. विषय शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मांडा. 2009च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांना पटलं तर खोलीची काळजी गावच घेतं.

बैठकीची वेळ सांभाळा. आवणीच्या (भातलावणीच्या) दिवसांत कोणी येणार नाही. दिवाळीनंतर अनेक पालक द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे जातात. ऑगस्टचा उत्तरार्ध किंवा सप्टेंबर बरा.

बैठकीत तीन गोष्टी लेखी ठरवून घ्या: किल्ली कोणाकडे, वीजबिल कोण भरणार, मशीन डेडस्टॉक रजिस्टरवर (शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) कोणाच्या सहीने चढणार. रजिस्टरवर नोंद नसलेलं मशीन शिक्षकांची बदली झाली की कोणाचंच राहत नाही.

मशीन निवडणं आणि दुरुस्त करणं

64 बिट प्रोसेसर, डीडीआर3 किंवा त्यापुढची रॅम आणि साटा पोर्ट (डिस्क जोडायची जागा) असलेलीच मशीन घ्या. सगळी एकाच मॉडेलची मिळाली तर सोनं, कारण एकाचा भाग दुसऱ्याला बसतो. याहून जुनी मशीन प्रेमाने दिली तरी नम्रपणे नाकारा. प्रत्येक मशीनला 4 जीबी रॅम, 240 किंवा 256 जीबीची एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी बसणारी वेगवान डिस्क), सीआर2032 बॅटरी (घड्याळ चालू ठेवणारा मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल) आणि प्रोसेसरवर लावायची थर्मल पेस्ट लागते. रॅम दात्यांच्याच इतर मशीनमधून निघते. एसएसडी मात्र नवीच घ्या, बिल आणि वॉरंटीसकट.

मशीन उघडण्याआधी प्लग काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा आणि केबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरेल. धूळ ब्लोअरने काढा, पण पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. तो जोरात फिरला तर बेअरिंग बिघडतं. मदरबोर्डवर डोकं फुगलेले कपॅसिटर दिसले तर ते मशीन भागांसाठी ठेवा. रॅमचे सोनेरी संपर्क साध्या खोडरबरने हलके घासा आणि चुरा झटका. चालू करताच बीप बीप करणाऱ्या अनेक मशीनचा आजार एवढाच असतो. प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून ज्वारीच्या दाण्याएवढी नवी लावा. जास्त लावली की बाजूने बाहेर येते, थंडावा वाढत नाही.

एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा आतला डबा, मल्टिमीटरने तपासा: 12 व्होल्टची लाइन 11.4 ते 12.6 आणि 5 व्होल्टची 4.75 ते 5.25 यांच्या मध्ये हवी. एसएमपीएसचं झाकण मात्र कोणीही उघडू नका. आतला कपॅसिटर प्लग काढल्यावरही झटका देऊ शकतो.

दात्याची जुनी हार्ड डिस्क त्यांच्यासमोर पुसून द्या. 500 जीबीच्या डिस्कवर एकदा शून्यं लिहायला दीड-दोन तास लागतात. तेवढा वेळ दिलात तर पुढची मशीनही त्याच कंपनीकडून मिळतील. उरलेला भंगार नोंदणीकृत ई-कचरा केंद्रालाच द्या.

सॉफ्टवेअर

लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती या यंत्रांवर सुरळीत चालते आणि परवान्याचा प्रश्न येत नाही. एक मशीन पूर्ण तयार करा, मग क्लोनझिला या डिस्कची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामने तिची प्रत बाकीच्या चारांवर उतरवा. लहानांसाठी जीकॉम्प्री (शैक्षणिक खेळ) आणि टक्स पेंट (चित्रकला), मोठ्यांसाठी लिबरऑफिस टाका. इंटरनेट नसेल तिथे किविक्स या ऑफलाइन वाचनाच्या प्रोग्राममध्ये मराठी विकिपीडिया उतरवून न्या. मुलांचं खातं आणि शिक्षकांचं खातं वेगळं ठेवा. ॲडमिनचा पासवर्ड बंद पाकिटात मुख्याध्यापकांकडे असू द्या.

मराठी टंकलेखनाला इनस्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांची प्रमाणित कळफलक मांडणीच लावा. स्वर डावीकडे, व्यंजनं उजवीकडे, त्यामुळे बाराखडी येणाऱ्या मुलाला तिचा तर्क लवकर कळतो. कळफलकाचा मोठा छापील तक्ता भिंतीवर लावा. घरी कोकणी (इथल्या कोकणा आदिवासींची बोली) बोलणाऱ्या मुलांना पहिल्या दिवशी आपलं आणि आपल्या पाड्याचं नाव टाइप करू द्या. ते अक्षर पडद्यावर उमटलं की त्यांना पुढचं शिकायची घाई होते.

वीज

इथे हौस नको. वायरिंग परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. त्याच्यासमोर अर्थिंग मोजा: फेज-अर्थ सुमारे 230 व्होल्ट, न्यूट्रल-अर्थ 3 व्होल्टच्या आत. अर्थिंग खराब असेल तर केबिनेटला हात लावताच मुंग्या येतात आणि मुलं पुन्हा जवळ येत नाहीत. पाच मशीन मॉनिटरसकट साधारण 500 वॉट घेतात. 150 अँपिअर-अवरच्या एका चांगल्या बॅटरीवर ती जेमतेम दोन तास चालतील. वीज वारंवार जात असेल तर वेळापत्रक याच हिशेबाने बसवा. वादळाची चिन्हं दिसली की वीज कडाडायच्या आधीच प्लग भिंतीतून काढायचे, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

माणसं

प्रमुखाने सगळं स्वतः करायचं नाही. हार्डवेअर, शाळेशी संपर्क आणि शिकवणी अशा तीन जोड्या करा. प्रत्येक जोडीत एक जण पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षातला हवाच, नाहीतर शेवटच्या वर्षाची बॅच पास झाली की काम थांबतं. परीक्षांचे आठवडे आधीच वगळून भेटींच्या तारखा शाळेला द्या. महिन्यातून दोनदा जाऊ म्हणालात तर दोनदा जा. दर आठवड्याचं आश्वासन देऊन न जाणं शाळेला जास्त लागतं.

एका मशीनवर दोन मुलं, वीस मिनिटांची पाळी आणि दहा मिनिटांनी माउस दुसऱ्याकडे. हा नियम घड्याळ लावून पाळा. नाहीतर धीट मुलं माउस सोडत नाहीत आणि मुली नुसत्या बघत राहतात. सहावी-सातवीतली एक मुलगी आणि एक मुलगा मॉनिटर नेमा. मशीन चालू-बंद करणं, केबल तपासणं, वहीत बिघाड लिहिणं त्यांना शिकवा. वहीत मशीन क्रमांक, तारीख आणि काय दिसलं एवढंच असावं. «चालत नाही» असं न लिहिता «दिवा लागतो, पडदा काळा» असं लिहायला लावा. तेवढ्यावरून कोणता सुटा भाग घेऊन निघायचं हे नाशिकमध्येच कळतं.

उन्हाळी सुटीआधी प्लग काढून मशीन सुती कापडाने झाका, प्लास्टिकखाली ओल धरते. केबिनेटच्या मागच्या रिकाम्या खाचा पत्र्याने बंद करा, तिथून उंदीर आणि पाली आत शिरतात. जूनमध्ये चालू करण्याआधी प्रत्येक मशीन उघडून पाहा. मग आधी घड्याळ तपासा. तारीख मागे गेली असेल तर सीआर2032 संपली आहे, आणि तारीख चुकली की इंटरनेट असूनही वेबसाइट उघडायला नकार देतात.