वेग वाढला तरी सिग्नल तेवढ्याच चालीने जातो

एमटेकला 'हाय-स्पीड नेटवर्कमधले मीडिया ॲक्सेस प्रोटोकॉल' हा विषय, म्हणजे एकाच सामायिक माध्यमावर कुणी केव्हा पाठवायचं याचे नियम, पदरात पडलेल्यांसाठी हे लिहितेय. अलोहा (वाटेल तेव्हा पाठवा), सीएसएमए-सीडी (लाइन मोकळी बघून पाठवा, टक्कर झाली तर थांबा), टोकन पासिंग (पाळीपाळीने पाठवा) तुम्हाला येतं असं धरते. साध्या आणि स्लॉटेड अलोहात लाइनचा जास्तीत जास्त किती वापर होतो ते १८.४ आणि ३६.८ टक्के तर सगळ्यांना पाठच असतात. गाडी अडते ती पुढे, आणि एकाच जागी.

१० एमबीपीएसची लिंक १ जीबीपीएसची झाली की सिग्नलही पलीकडे लवकर पोहोचतो, असं मनात कुठेतरी बसलेलं असतं. माझ्याही बसलं होतं आणि निघता निघत नव्हतं. सिग्नल लवकर पोहोचत नाही. केबलमध्ये तो सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, तेव्हाही आणि आताही. बदलते ती बिटची लांबी. १० एमबीपीएसला एक बिट केबलवर २० मीटर जागा व्यापतो, १ जीबीपीएसला २० सेंटिमीटर. ६४ बाइटची, म्हणजे ५१२ बिटची सगळ्यांत लहान इथरनेट फ्रेम (डेटाचं एक पाकीट) आधी दहा किलोमीटर पसरायची, ती आता जेमतेम शंभर मीटर.

आता वहीत आडवी रेघ काढा. दोन टोकांना दोन स्टेशनं, मध्ये २०० मीटर केबल, वेग १ जीबीपीएस. डावीकडच्याने फ्रेम पाठवायला घेतली आणि ०.५१२ मायक्रोसेकंदात संपवलीसुद्धा. तेव्हा फ्रेमचं डोकं केबलच्या मध्यावर आहे. ते उजवीकडे पोहोचायला १ मायक्रोसेकंद लागणार. तेवढ्यात, पोहोचायच्या किंचित आधी, उजवीकडच्याला लाइन मोकळी दिसली आणि त्यानेही सुरुवात केली. कोलिजन झालं, दोन्ही सिग्नल एकमेकांवर आदळले. त्याची खबर डावीकडे येईपर्यंत जवळपास २ मायक्रोसेकंद झालेले. डावं स्टेशन केव्हाच मोकळं झालंय, फ्रेम नीट गेली असं समजून. कोलिजन कळायचं तर खबर येईपर्यंत पाठवणं चालू असायला हवं. सीएसएमए-सीडीचं सगळं गणित या एका अटीवर उभं आहे.

हे चित्र दिसलं की पुढचा इतिहास पाठ करावा लागत नाही. १०० एमबीपीएसला ५१२ बिटचा स्लॉट (कोलिजनची खबर यायला राखलेला वेळ) तसाच ठेवला आणि नेटवर्कच २०० मीटरच्या आसपास आणलं. गिगाबिटला तेच केलं असतं तर २० मीटर उरले असते. म्हणून १९९८च्या ८०२.३झेड या गिगाबिट इथरनेटच्या मानकात हाफ-डुप्लेक्ससाठी (एका वेळी एकानेच पाठवायचं) स्लॉट ४०९६ बिटचा केला आणि लहान फ्रेमच्या मागे कॅरिअर एक्स्टेन्शन, म्हणजे स्लॉट भरेपर्यंतची नुसती भरती, जोडलं. किंमत बघा: सुट्या ६४ बाइटच्या फ्रेमपायी प्रिअँबल (फ्रेमआधीचे इशाऱ्याचे बिट) आणि दोन फ्रेममधली गॅप धरून ५३२ बाइटांचा वेळ जातो. कामाचे जेमतेम १२ टक्के. फ्रेम बर्स्टिंगने (एका पाळीत लागोपाठ अनेक फ्रेम) थोडं सावरलं, पण लोक फुल-डुप्लेक्स (दोन्हीकडून एकाच वेळी, कोलिजनशिवाय) स्विचकडे गेले आणि २००२च्या १० गिगाबिट इथरनेटने सीएसएमए-सीडी सोडूनच दिलं.

गेट परीक्षेच्या तयारीत किमान फ्रेमचं सूत्र (फ्रेम पाठवायचा वेळ सिग्नल पलीकडे जायच्या वेळेच्या निदान दुप्पट हवा) घोकून मार्क मिळतात, नाही असं नाही. पण व्हायव्हात कुणी 'दुपटीने का?' विचारलं की घोकंपट्टी तिथेच उघडी पडते. पहिल्याच दिवशी एनएस-३ हा नेटवर्क सिम्युलेटर चालवायला लावणारे गाईडही मला पटत नाहीत. आलेख सुंदर येतात आणि ते तसे का आले हे सांगता येत नाही. आधी वहीतली रेघ, मग सिम्युलेशन. घाबरू मात्र नका, यात शाळेतल्या गुणाकार-भागाकारापलीकडे काही नाही.

एफडीडीआय आणि डीक्यूडीबी ही जुनी हाय-स्पीड नेटवर्कं आता कुणी बसवत नाही, वरवर वाचली तरी चालतील. फक्त डीक्यूडीबीत बसवरच्या, म्हणजे सामायिक केबलवरच्या, जागेनुसार काही स्टेशनांवर अन्याय का होतो ते समजून घ्या. तिथेही स्लॉटची (पाठवायच्या पाळीची) मागणी पोहोचायला लागणारा वेळच आडवा येतो.

आणि इथरनेट झालं म्हणजे सुटलो असं समजू नका. ५ गिगाहर्ट्झ वायफायमध्ये पाठवण्याआधी डीआयएफएस (लाइन मोकळी दिसल्यावर थांबायची ठरलेली वेळ) म्हणून ३४ मायक्रोसेकंद थांबावं लागतं. ६०० एमबीपीएसला १५०० बाइट पाठवायला २० पुरतात. त्यावर बॅकऑफ (आणखी यादृच्छिक थांबणं), प्रिअँबल, एसीके (पोच) वेगळेच. वेग दुप्पट केला तर ते २० चे १० होतील, ३४ तसेच राहतील. ८०२.११एन या वायफाय मानकात अनेक फ्रेम एकत्र बांधून पाठवायची सोय आली ती यासाठीच.