सोर्समधून कम्पाइल करण्याआधी: लायब्ररींच्या आवृत्त्या जुळवून घेण्याची तयारी

लिनक्सवर एखादा प्रोग्राम सोर्समधून, म्हणजे त्याच्या मूळ कोडवरून, बांधायचा असेल, तर सगळ्यात आधी सोर्सची कोणती आवृत्ती घ्यायची ते ठरवा. गिटच्या (कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाच्या) मुख्य शाखेवरचा कोड ताज्या लायब्ररी मागतो आणि स्थिर डिस्ट्रोतल्या (लिनक्स वितरणातल्या) लायब्ररी मात्र प्रकाशनाच्या वेळी गोठलेल्या असतात. बरेचसे तंटे इथेच सुरू होतात. मेसन किंवा सीमेक (बिल्ड चालवणारी साधने) यांतले जे वापरले असेल त्याची मुख्य फाइल, म्हणजे 'मेसन.बिल्ड' किंवा सीमेकची, उघडा, प्रत्येक लायब्ररीची किमान आवृत्ती कागदावर उतरवा आणि तिच्यापुढे 'पीकेजी-कॉन्फिग --मॉडव्हर्जन' ने (मशीनवरच्या लायब्ररीची माहिती सांगणाऱ्या कमांडने) मिळालेला आकडा लिहा. उदाहरणार्थ, डेबियन १२ मध्ये जीटीके (खिडक्या-बटणांची लायब्ररी) ४.८ आणि जीलिब (तिच्या पायाची लायब्ररी) २.७४ आहे. अ‍ॅपला जीटीके ४.१० हवे असेल, तर ते स्वतः बांधताना आणखी कोणकोणत्या नव्या लायब्ररी ओढून आणेल तेही पाहावे लागते. अशा वेळी 'गिट टॅग' ची (प्रकाशित आवृत्त्यांवरच्या खुणांची) यादी चाळून ४.८ वर भागणारा जुना टॅग घेणे हा सर्वात स्वस्त उपाय. नव्या आवृत्तीतले एखादे वैशिष्ट्य खरोखरच हवे असेल, तरच पुढच्या खटाटोपाला अर्थ आहे.

मग डेव्हलपमेंट पॅकेजेस. लायब्ररी इन्स्टॉल असूनही कॉन्फिगरला (बांधण्याआधीच्या तपासणीला) सापडत नाही, याचे नेहमीचे कारण म्हणजे फक्त चालवण्यापुरता भाग मशीनवर असतो. हेडर फाइल्स (लायब्ररीतल्या फंक्शन्सची ओळख देणाऱ्या), 'पीसी' फाइल (पीकेजी-कॉन्फिग वाचतो ती) आणि शेवटी आकडा नसलेली 'एसओ' लिंक (लिंक करताना लागणारी) वेगळ्या पॅकेजात येतात. डेबियन-उबुंटूवर त्यांच्या नावापुढे 'डेव्ह' लागते, फेडोरावर 'डेव्हल', तर आर्चमध्ये सगळे एकाच पॅकेजात असते. 'अ‍ॅप्ट बिल्ड-डेप' (त्यासाठी सोर्स रिपॉझिटरीची ओळ चालू हवी) किंवा 'डीएनएफ बिल्डडेप' ने बहुतेक सामान एका फटक्यात येते. मात्र ते डिस्ट्रोतल्या आवृत्तीच्या गरजेप्रमाणे येते. तुमच्या टॅगमध्ये नव्याने आलेली गरज हाताने भरावी लागते. 'पीसी' फाइलचे नाव माहीत आहे पण पॅकेज कोणते ते कळत नाही, अशा वेळी 'अ‍ॅप्ट-फाइल सर्च' किंवा 'डीएनएफ प्रोव्हाइड्स' वापरा.

आता मशीनवर एकाच लायब्ररीच्या किती प्रती आहेत ते शोधा. हे काम कंटाळवाणे आहे, पण टाळू नका. 'विच -ए पीकेजी-कॉन्फिग' ने एकाहून अधिक मार्ग दाखवले, तर कोंडा किंवा होमब्रूने (डिस्ट्रोबाहेरच्या पॅकेज मॅनेजरने) आपली प्रत पुढे सरकवलेली असते आणि ती स्वतःच्याच फोल्डरमध्ये शोधते. ते एन्व्हायर्नमेंट बंद करून नवे टर्मिनल उघडा. 'एन्व्ह' चालवून पीकेजी_कॉन्फिग_पाथ, एलडी_लायब्ररी_पाथ, सीमेक_प्रीफिक्स_पाथ आणि सीपाथ यांत जुने काही उरले आहे का ते पाहा. 'एलडीकॉन्फिग -पी' च्या यादीत त्याच नावाची लायब्ररी '/यूएसआर/लोकल' खाली आणि डिस्ट्रोच्या मूळ जागी अशी दोनदा दिसली, तर पुढे गोंधळ होण्याची शक्यता मोठी.

कारण एकाच लायब्ररीचा शोध तीन वेगळ्या वेळी, तीन वेगळ्या पद्धतींनी घेतला जातो. कॉन्फिगरच्या वेळी पीकेजी-कॉन्फिग 'पीसी' फाइल शोधतो. कम्पाइल आणि लिंक करताना मोठा 'आय' आणि मोठा 'एल' या पर्यायांत दिलेले फोल्डर ज्या क्रमाने आले, त्या क्रमाने पाहिले जातात. प्रोग्राम चालवताना डायनॅमिक लोडर एलडी_लायब्ररी_पाथ, बायनरीत लिहिलेला रनपाथ (लायब्ररी कुठे शोधायची तो मार्ग), एलडीकॉन्फिगची कॅश आणि शेवटी ठरलेले फोल्डर या क्रमाने जातो. पीकेजी-कॉन्फिगला काय सापडले होते, याची लोडरला काहीच खबर नसते. म्हणून नव्या जीलिबच्या हेडरवर बिनतक्रार बांधलेला प्रोग्राम चालवताना जुनी जीलिब उचलतो आणि 'अनडिफाइन्ड सिंबल' म्हणून पडतो. उलट बाजू तेवढी धोक्याची नाही: जुन्या हेडरवर बांधलेले नव्या लायब्ररीवर सहसा चालते, कारण सोनेम (लायब्ररीच्या फाइलमध्ये नोंदवलेले, मुख्य आवृत्तीसह नाव) तेच असेपर्यंत जुनी फंक्शन्स टिकवण्याची शिस्त जीलिब-जीटीके पाळतात. तेव्हा बांधताना नवे आणि चालवताना जुने, एवढे होऊ न देण्याची व्यवस्था आधी करा.

त्यासाठी नवी लायब्ररी '/यूएसआर' मध्ये कधीही टाकू नका, आणि डेबियन-उबुंटूवर '/यूएसआर/लोकल' मध्येही नको. तिथला लोडर '/यूएसआर/लोकल/लिब' आधी पाहतो, म्हणजे तुमची हाताने बांधलेली जीलिब सगळा डेस्कटॉप वापरू लागतो आणि एका अ‍ॅपची अडचण लॉगिन स्क्रीनपर्यंत पोचू शकते. 'ऑप्ट' खाली किंवा होममध्ये स्वतंत्र फोल्डर करा आणि लायब्ररीला व अ‍ॅपला दोघांनाही तोच प्रीफिक्स (इन्स्टॉलचे मूळ फोल्डर) द्या. त्यातले 'लिब' फोल्डर नेमके कोणते ते डोळ्यांनी पाहा: मेसन डेबियनवर 'लिब' च्या आत आर्किटेक्चरच्या नावाचे फोल्डर करते, फेडोरावर 'लिब६४' मध्ये टाकते, तर ऑटोटूल्स (बिल्डचे जुने साधन) बहुधा साध्या 'लिब' मध्ये. पीकेजी_कॉन्फिग_पाथ मध्ये चुकीचे फोल्डर गेले, तर काहीही तक्रार न करता सिस्टिमची जुनी प्रत निवडली जाते.

बिल्ड फोल्डरमधून अ‍ॅप चालते आणि इन्स्टॉल केल्यावर पडते, हा प्रकार वारंवार दिसतो. सीमेक आणि मेसन बिल्डपुरता रनपाथ लिहितात आणि इन्स्टॉल करताना तो पुसतात. तेव्हा इन्स्टॉलचा रनपाथ वेगळा द्या, किंवा एलडी_लायब्ररी_पाथ लावून अ‍ॅप चालवणारी दोन ओळींची स्क्रिप्ट ठेवा. 'एक्सपोर्ट' करून तो शेलच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये घालू नका. मग त्या शेलमधून चालणारा प्रत्येक प्रोग्राम त्याच प्रती उचलतो. स्वतंत्र प्रीफिक्स असेल, तर त्याचे 'शेअर' फोल्डर एक्सडीजी_डेटा_डर्स मध्येही जोडा. नाहीतर 'सेटिंग्ज स्कीमा इन्स्टॉल नाही' म्हणून अ‍ॅप बंद पडते आणि दोष नाहक आवृत्तीवर जातो.

मेसनच्या 'सबप्रोजेक्ट्स' फोल्डरवर लक्ष ठेवा. सिस्टिममधली लायब्ररी जुनी असेल, तर मेसन स्वतःच नवी प्रत उतरवून अ‍ॅपबरोबर बांधू शकते. मग अ‍ॅपमध्ये एक जीलिब आणि त्याच्या दुसऱ्या लायब्ररीमार्फत आलेली सिस्टिमची जीलिब, अशा दोन प्रती एका प्रोसेसमध्ये भेटतात आणि एकच टाइप दोनदा नोंदवल्याची तक्रार येते. '--रॅप-मोड=नोफॉलबॅक' दिले, तर काय कमी आहे ते निदान उघड कळते.

एका प्रोसेसमध्ये न नांदणाऱ्या जोड्या आधीच हेरा. जीटीके २ आणि ३ एकत्र चालत नाहीत. लिबसूप (एचटीटीपीची लायब्ररी) २ आणि ३ चेही तसेच: 'वेबकिट२जीटीके-४.०' (वेबपान दाखवणारी लायब्ररी) लिबसूप २ वर उभे आहे, '४.१' लिबसूप ३ वर. अ‍ॅपने स्वतः लिबसूप ३ घेतले आणि वेबकिट मात्र ४.० चे, तर दोन्ही 'पीसी' फाइल्स सापडतात, लिंकही होते, आणि अ‍ॅप सुरू होताच बंद पडते. क्यूटीत (जीटीकेसारख्याच दुसऱ्या लायब्ररीत) ५ आणि ६ ची गल्लत सीमेक_प्रीफिक्स_पाथ नीट दिल्यास टळते.

'जीलिबसी_२.३८ सापडले नाही' असा संदेश आला, तर कुठला तरी भाग नव्या मशीनवर बांधलेला आहे. जीलिबसी म्हणजे सी भाषेची मूळ सिस्टिम लायब्ररी; ती जीलिबपेक्षा वेगळी. डेबियन १२ वर जीलिबसी २.३६ आहे. जीलिबसी हाताने बदलू नका, सिस्टिम बूट न होण्यापर्यंत वेळ येते. तो भाग याच मशीनवर पुन्हा बांधा, नाहीतर डिस्ट्रोबॉक्स किंवा टूलबॉक्समध्ये नव्या डिस्ट्रोचा कंटेनर (वेगळ्या लायब्ररींचा बंदिस्त कप्पा) उघडून तिथेच बांधा आणि तिथेच चालवा. लिंक करताना '__सीएक्सएक्स११' असलेली नावे सापडत नसतील, तर सी++ ची एखादी लायब्ररी २०१५ च्या जीसीसी ५ (कम्पायलर) आधीच्या एबीआयने (बांधलेल्या भागांच्या जुळणीच्या नियमांनी) बांधलेली असते. तीच पुन्हा कम्पाइल करा.

लायब्ररी बदलली की जुने बिल्ड फोल्डर वापरू नका. सीमेकची कॅश आणि मेसनचे फोल्डर आधी सापडलेले मार्ग लक्षात ठेवतात. 'मेसन सेटअप --वाइप' करा किंवा फोल्डरच काढून टाका. अडल्यास मेसनचा लॉग किंवा 'कॉन्फिग.लॉग' उघडा आणि पहिली चूक वाचा; शेवटची बहुधा तिचाच परिणाम असते.

बिल्ड झाल्यावर 'एलडीडी' ने प्रत्येक लायब्ररीचा पूर्ण मार्ग पाहा आणि कागदावरच्या यादीशी ताडा. 'रीडएल्फ -डी' मध्ये रनपाथ दिसतो. तरीही कोडे सुटले नाही, तर 'एलडी_डीबग=लिब्स' लावून अ‍ॅप चालवा: लोडरने कोणत्या फोल्डरमध्ये काय शोधले, ते ओळीने छापून येते. आणि इन्स्टॉल झाल्यावर बिल्ड फोल्डर लगेच पुसू नका. मेसनबरोबर वापरायची 'निंजा अनइन्स्टॉल' ही कमांड त्यातल्याच नोंदीवर चालते, आणि सीमेकमध्ये 'इन्स्टॉल_मॅनिफेस्ट' फाइलशिवाय कोणत्या फाइल्स कुठे गेल्या ते हाताने शोधावे लागते.