आर्केडची जुनी बंदूक संगणकाला जोडताना

जुन्या आर्केडमधली (व्हिडिओ गेम पार्लरमधली) खेळाची बंदूक हाती लागली, पण एलसीडी पडद्यावर नेम धरतच नाही? आधी तिचा प्रकार बघा. पडद्यावरचा प्रकाश टिपणारी सुटी बंदूक जुन्या काचेच्या नळीच्या पडद्यासाठीच केलेली असते. एलसीडीवर तिचा नाद सोडा. स्टँडवर बसवलेली, डावी-उजवी आणि वर-खाली फिरणारी बंदूक मात्र सोनं आहे. तिच्यात बहुधा दोन पोटेन्शिओमीटर (फिरवल्यावर रोध बदलणारे भाग) असतात आणि तिला पडद्याशी काही देणंघेणं नसतं.

१. मल्टीमीटर ओहमवर ठेवून पोटेन्शिओमीटरची मधली तार आणि एक टोक तपासा. बंदूक हळू फिरवा. आकडा सलग बदलायला हवा. उड्या मारत असेल तर त्याच मूल्याचा नवा, लिनिअर (फिरवण्याच्या प्रमाणात रोध बदलणाऱ्या) प्रकारचा बसवा. साफसफाईत वेळ घालवू नका, तो पुन्हा कुरकुरतो.

२. आर्डुइनो लिओनार्डो हा छोटा, प्रोग्राम करता येणारा बोर्ड घ्या. त्यात जॉयस्टिकचा प्रोग्राम घातला की संगणक त्याला यूएसबीवर थेट जॉयस्टिक म्हणून ओळखतो. आर्डुइनोच्याच ऊनो बोर्डाला ते सहज जमत नाही. पोटेन्शिओमीटरची टोकं ५ व्होल्ट आणि ग्राउंडला, मधल्या तारा बोर्डाच्या ए० (A0) आणि ए१ (A1) पिनांना.

३. ट्रिगरचा मायक्रोस्विच डिजिटल पिन आणि ग्राउंडमध्ये, बोर्डाच्या आतला पुल-अप (ट्रिगर न दाबता पिन ‘हाय’ ठेवणारा रोध) प्रोग्राममधून चालू ठेवून.

४. बंदूक पूर्ण फिरत नाही, त्यामुळे बोर्ड वाचतो ती ० ते १०२३ एवढी पूर्ण व्याप्ती मिळणार नाही. दोन्ही टोकांचे खरे आकडे नोंदवून प्रोग्राममध्ये घाला.

गोळी झाडल्यासारखा धक्का देणारा सोलेनॉइड (विजेवर दांडा ओढणारी कॉइल) असेल तर तो बोर्डाला थेट जोडू नका, बोर्ड जळेल. वेगळा वीजपुरवठा, मॉसफेट (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि सोलेनॉइडला समांतर उलटा डायोड हवाच.