एअरसॉफ्ट गिअरबॉक्स: स्प्रिंग बदलायच्या आधी या चुका टाळा

एअरसॉफ्ट म्हणजे प्लॅस्टिकच्या गोळ्यांचा खेळ. त्यातल्या बॅटरीवरच्या गनमध्ये मोटर गिअर फिरवते, गिअर पिस्टन मागं ओढतात, आणि स्प्रिंग तो पुढं फेकून हवेच्या दाबानं गोळी सोडते. अशी गन हातात आली की पहिली खरेदी काय? बहुतेकांची एम१२०, म्हणजे जादा ताकदीची, स्प्रिंग. माझं स्पष्ट मत आहे, ती सगळ्यात शेवटी घ्यायची वस्तू आहे. एम१०० म्हणजे ०.२० ग्रॅमच्या बीबीला (गोळीला) सेकंदाला साधारण १०० मीटर वेग, म्हणजे १ जूल. एम१२० वर वेग वाढतो २० टक्के, पण ऊर्जा जाते १.४४ जूलवर. हा जादा भार पिस्टनचे दात, मोटर आणि गिअरबॉक्सच्या व्हर्जन २ या प्रकारात बॉक्सचा पुढचा भाग सोसतात. हाच बॉक्स असलेल्या एम४ गनमध्ये तो पुढचाच भाग तडकतो. बेळगाव-निपाणी भागात सुटा पिस्टन शेजारच्या दुकानात मिळत नाही. मागवायचा आणि वाट बघत बसायचं. म्हणून आधी आहे ते नीट बसवा.

खरा जीव शिमिंगमध्ये, म्हणजे पातळ चकत्या (शिम) घालून गिअर नेमके बसवण्यात आहे, आणि नेमका तिथंच कंटाळा केला जातो. स्प्रिंग, पिस्टन, सिलिंडर बाजूला ठेवा. रिकाम्या बॉक्समध्ये फक्त गिअर बसवा आणि सगळे स्क्रू पूर्ण आवळून तपासा. अर्धवट आवळलेल्या बॉक्समध्ये गिअर छान फिरतो, आवळल्यावर तोच जाम होतो. आधी बेव्हल गिअर मोटरच्या पिनियनशी (मोटरच्या टोकाच्या छोट्या गिअरशी) जुळवा, मग मधला स्पर, मग पिस्टन ओढणारा सेक्टर. बोटानं ढकलल्यावर गिअर मोकळा फिरला पाहिजे. वर-खाली हलवल्यावर केसभर, साधारण ०.१ मिमी, जागा जाणवली पाहिजे. शिमची पाकिटं एकमेकांत मिसळतात, ०.१ आणि ०.१५ डोळ्यांना सारखेच दिसतात. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कुणी ओळखीचं असेल तर मायक्रोमीटरनं मोजून घ्या, पाच मिनिटांचं काम. पण तिथं साध्या माइल्ड स्टीलचा गिअर करून घेऊ नका. लेथवाल्याचा हात कितीही साफ असला तरी हार्डनिंग न केलेले दात लवकर झिजतात.

पिस्टन बाहेर काढलात की दात उजेडात धरून बघा. सेक्टर गिअरचा पहिला दात पिस्टनच्या दाताला सपाट भिडला पाहिजे. तो टोकावर आपटत असेल तर तिथं पांढरट घाव दिसतो, मग कड ढासळते, आणि एके दिवशी दातांची अख्खी रांग साफ होते. उपाय असा: सिलिंडर हेडवर योग्य जाडीचा रबर पॅड चिकटवून पिस्टन थोडा मागं सरकवायचा आणि पिस्टनचा दुसरा दात घासून काढायचा. जोरदार स्प्रिंग टाकणार असाल तर हे टाळू नकाच.

वंगणाचं म्हणाल तर गिअरला ग्रीसचा पातळ थर आणि ओ-रिंगला (हवा अडवणाऱ्या रबरी कड्याला) सिलिकॉन तेल, एवढंच. ग्रीस चोपडलं की ते उडून ट्रिगरच्या कॉन्टॅक्टवर बसतं. पेट्रोलियमचे स्प्रे रबर फुगवतात. घरात आहे म्हणून खोबरेल तेल तर अजिबात नको, बेळगावच्या थंडीत सकाळी ते गोठलेलं असतं. खानापूरकडच्या पावसात खेळून आलात तर त्याच दिवशी बॅटरी काढा, बॅरल पुसा. ओल तशीच राहिली की बेअरिंग आणि कॉन्टॅक्टवर गंज चढतो.

११.१ व्होल्टची लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी मूळ ट्रिगरवर थेट जोडू नका. ठिणग्यांनी कॉन्टॅक्ट काळे पडतात. मॉसफेट (ट्रिगरवरचा विजेचा भार घेणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) बसवा, नाहीतर ७.४ वर खेळा. बॅटरीतला कुठलाही सेल ३ व्होल्टच्या खाली उतरू देऊ नका.

आता लक्षणं. मोटर फिरते पण गोळी सुटत नाही: पिस्टनचे दात गेलेत किंवा पिनियन सैल आहे. कर्कश आवाज येतो: आधी मोटरच्या उंचीचा स्क्रू बघा, मग शिमिंग. सेमीवर (एका दाबाला एक गोळी) दोन-दोन सुटतात: प्रत्येक गोळीनंतर वीज तोडणारा कट-ऑफ लिव्हर झिजलाय. "टक्" होऊन थांबली तर ट्रिगर दाबून धरू नका, मोटर जळते. रेंज कमी झाली तर स्प्रिंगला दोष देण्याआधी नोझल (हवा बाहेर पडायची पुढची नळी) बोटानं बंद करून पिस्टन ढकला. सहज आत गेला, तर हवा गळतेय.

बॉक्स उघडताना बॅटरी आणि मॅगझिन बाहेर, डोळ्यांवर गॉगल. मग अँटी-रिव्हर्सल लॅच (गिअर उलटा फिरू न देणारी कळ) सोडून स्प्रिंग मोकळी करा. ताणलेल्या स्प्रिंगवर बॉक्स उघडला तर ती थेट तोंडावर येते. काम ट्रेमध्ये करा, प्रत्येक टप्प्याला मोबाईलवर फोटो काढा.

आणि मैदानावर नेताना गन बंद केसमध्ये, बॅटरी वेगळी. बेळगाव मराठा लाइट इन्फंट्रीचं गाव आहे. कॅम्पातून, म्हणजे लष्करी छावणीतून, खऱ्यासारखी दिसणारी गन खांद्याला लावून कुणीही जाऊ नये.