घरातल्या ज्येष्ठांना उन्हापासून कसं सांभाळायचं: आधी सावली बघा, मग घड्याळ

मार्च लागला की घराघरात एकच वाक्य, "ऊन फार आहे, बाहेर जाऊ नका", आणि आई-बाबा, सासू-सासरे जे कोण असतील ते मान हलवतात आणि साडेअकराला पिशवी घेऊन मंडईत. त्यांचं तरी काय चुकतं म्हणा, "ऊन फार आहे" म्हणजे नेमकं काय हे आपण कधी सांगतच नाही. उन्हात दोन वेगळ्या गोष्टी असतात, एक झळ, म्हणजे उष्णता, ती अंगाला लगेच कळते, आणि दुसरे यूव्ही म्हणजे अतिनील किरण, ते अजिबात कळत नाहीत पण कातडीची वाट तेच लावतात. आणि दोघांच्या वेळा वेगळ्या आहेत. यूव्ही सगळ्यात जास्त सूर्य डोक्यावर असताना, आणि पुण्या-मुंबईकडे उन्हाळ्यात तो डोक्यावर बाराला येत नाही, साधारण साडेबाराला येतो. उष्णता मात्र तीन-चारच्या सुमाराला सगळ्यात जास्त, कारण जमीन, भिंती, पत्रे तापायला वेळ लागतो. म्हणून "सकाळी दहाला कुठं ऊन असतं" हेही खरं नाही आणि "चार वाजले, ऊन उतरलं" हेही नाही.

यूव्ही मोजायची सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे स्वतःची सावली. सावली तुमच्या उंचीपेक्षा लांब असेल तर यूव्ही कमी, आखूड असेल तर जोरात. एप्रिल-मेमध्ये पुण्याकडे साधारण साडेनऊ ते साडेतीन सावली आखूडच असते, नागपूरकडे हेच थोडं लवकर सुरू होतं आणि लवकर संपतं. मेच्या मध्यात पुण्या-मुंबईत आणि शेवटच्या आठवड्यात नागपुरात शून्य सावलीचा दिवस येतो ना, तेव्हा तर भरदुपारी सावली पायाखालीच जाते, म्हणजे विचार करा किरण किती सरळ येत असतील. फोनच्या हवामान अ‍ॅपमध्ये यूव्ही इंडेक्सही (यूव्ही किती जोरात आहे ते सांगणारा आकडा) दिसतो, 3 च्या वर गेला की अंग झाकायचं, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी तो 11 च्या वरही जातो. पण आजोबांना अ‍ॅप सांगण्यापेक्षा सावली सांगा, एकदा सांगितलं की स्वतःच अंगणात उभं राहून बघतात आणि मग सोसायटीत सगळ्यांना शिकवत सुटतात.

"आम्ही आयुष्यभर उन्हात राबलो, आम्हाला काय होतंय?" हा प्रश्न येणारच. उत्तर असं की उन्हाचा हिशोब साठत जातो, आणि वय वाढलं की कातडी पातळ होते, घाम कमी येतो आणि मुख्य म्हणजे तहान लागल्याचं कळतच नाही. हातावर जरा कुठं आपटलं की जांभळे डाग पडतात बघा म्हाताऱ्या माणसांच्या, त्यातही वर्षानुवर्षांच्या उन्हाचा मोठा हात असतो. सावळ्या रंगाला थोडं संरक्षण असतं हे खरं, पण पूर्ण नाही.

आता वाळवण. हा विषय मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण उन्हाळ्यात आजीला गच्चीवरून खाली आणणं कुणाच्या बापाला जमत नाही. पापड, कुरडया, सांडगे, शेवया, सगळं ऊन कडक असतानाच वाळतं, पण ऊन पापडाला लागतं, आजीला नाही. कुरडया तशाही पहाटेच घालतात ती पद्धत एकदम बरोबर, तसंच बाकीचं पण करायचं, पापड लाटायचे खाली पंख्याखाली आणि गच्चीवर फक्त पसरायला जायचं, तेही नऊच्या आत. मधे उलटे करायला घरातलं कुणी तरुण जाऊ दे (कॉलेजला सुट्टी असते, मोबाईल बाजूला ठेवून पाच मिनिटं काही होत नाही). कावळे-चिमण्या राखत बसायचं काम तर बंदच करा, वरून जुनी मच्छरदाणी किंवा पातळ साडी टाका आणि चार कोपऱ्यांना विटा ठेवा. आणि संध्याकाळी गोळा करायला पाचनंतर, पायात चप्पल घालून, कारण तापलेल्या गच्चीवर पाय पोळतात आणि शुगर असलेल्या माणसाला पायाला बधिरपणा असेल तर पोळल्याचं कळतही नाही, नंतर फोड दिसतो.

कपड्यांबद्दल एक गैरसमज आहे की पांढरं आणि पातळ म्हणजे उन्हाळ्यासाठी बेस्ट. झळेसाठी ठीक, यूव्हीसाठी नाही. कापड उजेडाकडे धरून बघा, आरपार दिसत असेल तर किरणही आरपार जातात, ओलं झालं की अजून जास्त. म्हणून फिकट रंग चालेल पण वीण घट्ट हवी, कपडा सैल हवा आणि बाह्या पूर्ण हव्यात. विदर्भात डोक्याला ओला दुपट्टा बांधतात त्याने डोकं थंड राहतं, पण तो एकेरी बांधू नका, दोन-तीन पदरी घडी करा म्हणजे दोन्ही कामं होतात. गांधी टोपी दिसायला छान, पण तिला कडाच नाही, त्यामुळे कान, मान, नाक सगळं उघडं, शेतावर जाणाऱ्या माणसाला पटका किंवा उपरणं त्याहून कितीतरी बरं. डोक्यावरून पदर घेणाऱ्या बायकांचं डोकं-कान वाचतात पण ब्लाऊजच्या वरची पाठ आणि हाताचे पंजे राहतात. आजोबांची काळी छत्री तर पावसाळ्याची वाट न बघता आत्ताच काढा, जाड काळं कापड यूव्ही चांगलं अडवतं. गॉगल घेताना काचेचा रंग बघू नका, यूव्ही 400 (म्हणजे सगळे यूव्ही किरण अडवणारा) लिहिलंय का ते बघा, नुसती काळी काच असेल तर बाहुली मोठी होऊन उलट जास्त यूव्ही आत जातो. मोतीबिंदू व्हायलाही ऊन हातभार लावतंच.

सनस्क्रीन म्हटलं की "हे काय या वयात नट्टापट्टा" असं होतं, त्यामुळे क्रीम म्हणू नका, उन्हाचं औषध म्हणा, लावतात. एसपीएफ 30 पुरे (तेवढ्याने यूव्हीबी, म्हणजे कातडी भाजणारे यूव्ही किरण, सत्त्याण्णव टक्क्यांच्या आसपास अडतात, त्यापुढे फरक थोडाच), सोबत ब्रॉड स्पेक्ट्रम (यूव्हीबी आणि सुरकुत्या आणणारा यूव्हीए दोन्ही अडवणारं) आणि पीए+++ (यूव्हीए किती अडतो त्याचं माप) लिहिलेलं असावं. वयस्कर कोरड्या कातडीला जेलपेक्षा लोशन किंवा क्रीम चांगलं, डोळ्यांना झोंबत असेल तर झिंक ऑक्साइडवालं घ्या, थोडा पांढरेपणा दिसतो पण झोंबत नाही. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर लांब रेघ येईल एवढं लागतं, वाटाण्याएवढ्यात काही होत नाही. बाहेर पडायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी, आणि बाहेरच असाल तर दर दोन तासांनी परत. लावायला विसरतात त्या जागा ठरलेल्या: कान, टक्कल, मानेची मागची बाजू, ओठ, हाताचे पंजे आणि पावलं, पायावरचे चपलेच्या पट्ट्यांचे छाप बघितले की कळेल ऊन कुठवर पोचतं. संधिवाताने बोटं दुखत असतील तर ट्यूब दाबता येत नाही, पंपाची बाटली आणा.

खोबरेल तेल सनस्क्रीन नाही, टाल्कम पावडर तर नाहीच. खोबरेल रात्री किंवा अंघोळीनंतर अंग ओलसर असताना लावा, त्याला तोड नाही. आणि लिंबू चोळून उन्हात जाण्याचे घरगुती उपाय कृपया करू नका, लिंबाचा रस आणि ऊन एकत्र आलं की कातडी भाजल्यासारखी होते आणि काळे डाग महिनोन्महिने जात नाहीत. मेडिकलमधून विचारून आणलेली डाग घालवायची क्रीम पण टाळा, त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं आणि आधीच पातळ कातडी अजून पातळ होते.

गोळ्यांचा डबा एकदा उघडून बघाच. बीपीच्या गोळीच्या नावापुढे एच असतो ना, त्यात बहुतेकदा हायड्रोक्लोरोथायझाइड असतं, त्याने कातडी उन्हाला जास्त चिडते, शिवाय ती लघवी वाढवणारी गोळी, म्हणजे अंगातलं पाणी पण कमी. डॉक्सिसायक्लिन नावाचं अँटिबायोटिक, हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अमिओडॅरोन, यांनीही उन्हाचा त्रास वाढतो. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, डॉक्टरांना फक्त विचारायचं की उन्हाळ्यात काही बदल हवाय का.

चारधामला जाणाऱ्यांसाठी वेगळं सांगते कारण आपल्याकडून मेमध्ये बसच्या बस भरून जातात. तिकडे थंडी असते म्हणून ऊन जाणवत नाही, पण दर हजार मीटरला यूव्ही साधारण 10 टक्के वाढतो आणि केदारनाथ साडेतीन हजार मीटरच्या वर आहे, त्यात बर्फ असेल तर खालूनही किरण उलटून येतात. स्वेटर-मफलर घातलेल्या आजींचं नाक आणि गाल सोलून निघतात ते यामुळे. आषाढात वारीला ढग असतात तेव्हाही हेच, पातळ ढगातून यूव्ही बऱ्यापैकी खाली येतो.

व्हिटॅमिन डीचं काय, हे कुणीतरी विचारणारच. सात वाजताच्या कोवळ्या उन्हात बसायला छान वाटतं, पण लांब सावलीच्या वेळी डी बनवणारे यूव्हीबी किरण फार कमी असतात, आणि बाल्कनीच्या बंद काचेमागे पेपर वाचत बसलात तर ते जवळपास येतच नाहीत, वर सुरकुत्या आणणारा यूव्हीए मात्र काचेतून येतो. त्यापेक्षा रक्त तपासा आणि डॉक्टर म्हणतील तेवढं औषध घ्या, ती 60,000 युनिटची व्हिटॅमिन डीची पुडी स्वतःच्या मनाने महिनोन्महिने चालू ठेवू नका, डी जास्त झालं तरी त्रास होतो.

झळेचं थोडक्यात. तहानेची वाट न बघता दर तासाला थोडं थोडं पाणी, ताक, पन्हं, कोकम, मात्र बीपीवाल्यांनी मीठ आणि शुगरवाल्यांनी गूळ-साखर सांभाळून, आणि हार्ट किंवा किडनीमुळे पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर उन्हाळ्याचं माप डॉक्टरांनाच विचारा. खिशात कांदा ठेवायचा असेल तर ठेवा, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली असली म्हणजे झालं. माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग तापून 104 च्या वर गेलं, झोकांड्या जायला लागल्या तर तो उष्माघात, 108 ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत सावलीत घेऊन अंगावर पाणी ओता, पंखा लावा, काखेत आणि मानेला बर्फाच्या पिशव्या द्या. नीट शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका, आणि तापाची गोळी इथे काही कामाची नाही.

शेवटचं काम महिन्यातून एकदा, अंघोळीनंतर चांगल्या उजेडात सगळी कातडी तपासायची, त्वचेच्या कॅन्सरची काही खूण दिसते का ते बघायला. न भरणारी जखम, खपली पडून परत तिथेच रक्त येणारी जागा, आकार किंवा रंग बदलणारा तीळ, नाकावर-कानावर मोत्यासारखी चमकणारी गाठ. आपल्याकडे तळपाय आणि नखांखालचा भाग पण बघायचाच, तिथल्या कॅन्सरचा उन्हाशी संबंध नसतो पण आपल्यासारख्या कातडीत तो तिथेच जास्त लपतो. पाठ स्वतःला दिसत नाही, ती घरातल्याने बघायची. संशय आला तर डागाशेजारी रुपयाचं नाणं धरून फोटो काढून ठेवा म्हणजे वाढला का ते कळतं, आणि तीन-चार आठवड्यांत जखम भरली नाही तर सरळ त्वचारोगतज्ज्ञाकडे, मधे हळद, मलम, शेजारच्या काकूंचा लेप यात वेळ घालवू नका.