३५, ५० की ८५? आधी फोनवर बघा

फुल-फ्रेम (३६×२४ मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्याची पहिली लेन्स ठरत नसेल तर पैसे टाकण्याआधी फोनवर तालीम करा. लेन्सचा मिमीचा आकडा (फोकल लेंथ) जितका मोठा, तितकं दृश्य जवळ आणि अरुंद. फुल-फ्रेमच्या हिशोबाने बहुतेक फोनचा मुख्य कॅमेरा साधारण २४ ते २६ मिमीचा असतो. म्हणून:

१. झूम १.४ म्हणजे अंदाजे ३५ मिमी, २ म्हणजे ५०, ३.४ म्हणजे ८५.
२. ठाण्याच्या तलावपाळीला प्रत्येक आकड्यावर एक फेरी मारा. मध्येच झूम बदलायचा नाही.
३. घरातही काढून बघा. वन बीएचकेत ८५ ला पाठ भिंतीला टेकते!

ज्या आकड्याचे फोटो ठेवावेसे वाटतील, ती लेन्स. (ऐरोलीचे फ्लेमिंगो सध्या विसरा, त्यांना ४०० मिमी तरी हवी.)

सेकंडहँड घेताना लेन्स फुल-फ्रेमचीच आहे ना, ते बघा. निकॉनची डीएक्स (छोट्या सेन्सरसाठीची) लेन्स लावली तर कॅमेरा फ्रेम कापतो आणि निम्म्याहून कमी मेगापिक्सेल उरतात.